कॉम्प्रेसर आणि टर्बाइनची सांगड : संपूर्ण इंजिनाच्या सिम्युलेशनची पार्श्वभूमी

बडोद्यात २८ ऑक्टोबर २०२४ रोजी सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाच्या कारखान्याचे उद्घाटन झाल्यापासून विमानाच्या इंजिनांविषयी आपल्याकडचे कुतूहल वाढले आहे. अशा इंजिनांचा गाभा असलेले गॅस टर्बाइन (हवा दाबून, तीत इंधन जाळून, तप्त वायूने पाती फिरवणारे यंत्र) मात्र या शहराला नवे नाही. १९९० च्या दशकापासूनच ते येथे वीजनिर्मितीसाठी वापरात आहे. अशा यंत्राची नोंदवलेली क्षमता १५ अंश सेल्सिअस तापमानाची असते. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवा विरळ होते, कॉम्प्रेसर (हवा आत ओढून दाबणारा भाग) कमी वस्तुमानाची हवा ओढतो आणि निर्मिती साधारणपणे पंधरा-वीस टक्क्यांनी घटते. कोणताही भाग बिघडलेला नसताना सगळे यंत्र वेगळ्याच बिंदूवर चालू लागते, आणि तो बिंदू आधीच काढता येणे हेच संपूर्ण इंजिनाच्या सिम्युलेशनचे, म्हणजे गणिती प्रतिकृतीचे, मूळ काम आहे.

हे काम अवघड होते ते परस्परावलंबनामुळे. कॉम्प्रेसर आणि त्याला फिरवणारे टर्बाइन (तप्त वायूने फिरणारी पात्यांची चाके) एकाच दांड्यावर असल्याने दोघांचे फेरे सारखे हवेत. कॉम्प्रेसरमधून गेलेली हवा, मधे काढून घेतलेली वजा करून आणि इंधन मिळवून, टर्बाइनमधून जायला हवी. शिवाय टर्बाइनने दिलेली शक्ती कॉम्प्रेसरच्या गरजेला पुरायला हवी. म्हणून आधी फेरे आणि दाबगुणोत्तर (बाहेर पडताना हवेचा दाब आत येतानाच्या कितीपट, ते) अंदाजाने धरायचे, प्रत्येक भागाच्या आलेखावरून (अभियंते त्याला 'मॅप' म्हणतात) प्रवाह व कार्यक्षमता वाचायची, शेवटी किती तफावत उरली ते पाहायचे आणि अंदाज सुधारून पुन्हा आरंभ करायचा. संगणकापूर्वी हे सारे आलेखांवर, हाताने होत असे.

अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेत १९६७ मध्ये तयार झालेल्या 'स्मोट' या प्रोग्रामने हे आवर्तन संगणकाकडे सोपवले. नासाच्या क्लीव्हलँड येथील लुईस केंद्राने १९७२ मध्ये त्यावरूनच 'जेनेंग' रचला. पुढे १९७५ मध्ये आलेल्या 'डिनजेन'मध्ये काळाचाही हिशेब आला, म्हणजे थ्रॉटल अचानक पुढे ढकलल्यावर दांड्याच्या जडत्वामुळे फेरे कसे हळूहळू वाढतात आणि त्या मधल्या क्षणांत कॉम्प्रेसर सर्जच्या (त्यातला प्रवाह कोलमडून हवा उलटी फिरण्याच्या) किती जवळ जातो, हे पाहता येऊ लागले. माझ्या मते खरी झेप हीच होती, कारण नियंत्रण प्रणाली आखणाऱ्याला स्थिर बिंदूपेक्षा हे क्षण अधिक छळतात.

१९९० च्या दशकात त्याच केंद्राने 'एनपीएसएस' (न्यूमेरिकल प्रोपल्शन सिस्टिम सिम्युलेशन) हा प्रकल्प इंजिन कंपन्यांच्या सहभागाने हाती घेतला. प्रत्येक घटक स्वतंत्र वस्तू म्हणून लिहायचा आणि गरज पडेल तेथे त्याच्या साध्या आलेखाऐवजी त्रिमितीय प्रवाहाचे गणित जोडायचे, ही त्यामागची कल्पना. एका घटकापुरते ते गणितही महासंगणक मागते, त्यामुळे रोजच्या कामात आलेखच टिकून राहिले.

अडचण आहे ती त्या आलेखांचीच. ते महागड्या चाचण्यांतून मिळतात आणि उत्पादक ते सहसा बाहेर देत नाहीत. विद्यार्थ्याला मग दुसऱ्याच कॉम्प्रेसरचा प्रसिद्ध झालेला आलेख प्रमाणात बदलून वापरावा लागतो. आखणीच्या बिंदूजवळ, म्हणजे ज्या स्थितीसाठी इंजिन आखलेले असते तिच्याजवळ, त्याचे उत्तर बऱ्यापैकी जुळते, परंतु इंजिन सुरू होतानाच्या कमी फेऱ्यांवर त्याच्यावर फारसे विसंबता येत नाही.