जंगलाच्या कडेला हवेची तहान

घाटातल्या नव्या रस्त्याच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘प्रकल्पात फक्त इतके हेक्टर वन बाधित होणार.’ त्यातला ‘फक्त’ मला खटकतो. 12 मीटर रुंद आणि 1 किलोमीटर लांब रस्ता जेमतेम 1.2 हेक्टर खातो. पण त्याच्या दोन्ही अंगांचं शंभर-शंभर मीटर जंगल कडेला येतं, ते 20 हेक्टर. ते कुठल्या रकान्यात धरायचं?

एप्रिलात आंबोलीच्या रानात शिरून पाहा. कडेला घाणेरी, रानमोडी आणि पायाखाली कुरकुरणारा पाचोळा. चांगलं आत गेलं की तो आवाज थांबतो. पाचोळा दमट, हवा गार.

खरी गंमत या हवेत आहे. 25 अंश तापमानाला हवेत मावणाऱ्या बाष्पाचा कमाल दाब 3.17 किलोपास्कल. आर्द्रता 90 टक्के असेल तर बाष्पाची तूट, म्हणजे हवा आणखी किती बाष्प शोषू शकते ते, साधारण 0.3 किलोपास्कल. आता कडेला 32 अंश आणि 60 टक्के धरा, तूट 1.9 वर जाते. पारा सातच अंश चढला, हवेची तहान सहापट झाली! ती भागवायची पानांनी. झाडात पाणी खालून ढकललं जात नाही, पानं ते वर ओढतात. जलवाहिन्यांत पाण्याची ताणलेली दोरीच असते म्हणा ना. 40 मीटर उंच झाडाला नुसत्या गुरुत्वाकर्षणापोटी चार वातावरणांइतका ताण सोसावा लागतो, वाहिन्यांतलं घर्षण वेगळंच. ताण फार वाढला की वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो, दोरी तुटते आणि ती वाहिनी कामातून जाते. हे टाळायला पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटावीत, तर अन्न बनवायला लागणारा कार्बन डायऑक्साइड आत येत नाही. म्हणजे तहान नाहीतर उपासमार. त्यात वारा, आत दाटीत वाढलेल्या उंच खोडांना त्याची सवय नसते.

सुक्या लाकडात निम्म्याच्या आसपास कार्बन असतो, आणि घेर दुप्पट झाला की लाकूड साधारण पाच-सहापट होतं. म्हणून मोठी झाडं गेली की जंगलातल्या कार्बनची तिजोरीच जाते. ब्राझीलमध्ये मनाउसजवळ थॉमस लवजॉय यांनी 1979 मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात कुरणांनी वेढलेले जंगलाचे तुकडे वर्षानुवर्षं मोजले गेले. कडेपासून 300 मीटरच्या आत 60 सेंटिमीटरहून जाड झाडं आतल्यांच्या जवळपास तिप्पट वेगानं मरत होती. अरुंद रस्त्यावर फांद्यांचं छत मिटलेलं असेल तर फटका कमी बसतो, हेही खरं.

(‘पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो’ हा संदेश मला महिन्यातून एकदा येतोच. प्रकाशाशिवाय कुठलंच झाड ऑक्सिजन सोडत नाही. पिंपळ जरूर लावा, पण जुनं रान तोडून त्या बदल्यात रोपं मोजू नका.)

या कार्बनमागे डोंगराच्या उंचीचंही गणित आहे. दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी गार होते. पेरूच्या अँडीजमध्ये वर चढत गेलं की झाडांतला कार्बन घटतो, पण पाचोळा सावकाश कुजत असल्यानं मातीतला वाढतो. महाबळेश्वरला मात्र थंडीपेक्षा वारा, जांभ्यावरची पातळ माती आणि पावसाळ्यानंतरचे सात-आठ कोरडे महिने झाडांना खुजं ठेवतात. तिथली अंजनी बुटकी, पण लाकूड असं टणक की नुसती उंची पाहून कार्बनचा अंदाज चुकावा.

आणि सगळीकडची कड सारखी नसते. अमेरिकेत बोस्टनच्या परिसरातल्या ओकच्या रानांत कडेची झाडं आतल्यांपेक्षा जोमानं वाढतात, कारण तिथे पाण्यापेक्षा उजेडाची वानवा जास्त. 2017 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं तेव्हा त्यात पुढचंही होतं: उन्हाळा तापला की याच कडेच्या झाडांची वाढ आतल्यांपेक्षा अधिक घसरते.