डोस दुप्पट केला की कोंबड्यांच्या शेडमधल्या माश्या संपतात?

‘माश्या हटत नसतील तर कीटकनाशकाचा डोस दुप्पट करा’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. फवारणीनंतर मेलेल्या माश्यांचा सडा दिसतो, म्हणून तो पटतोही. पण अंडी, अळ्या आणि कोष विष्ठेतच दडलेले असतात. उष्ण हवेत 7 ते 10 दिवसांत नवी पिढी उडू लागते. जादा डोसातूनही ज्या वाचतात, त्यांचीच पैदास पुढे वाढते. शिवाय कोंबड्यांना, अंड्यांना धोका. विष्ठेवर सरसकट फवारलं तर अळ्या खाणारे भुंगेरेही मरतात, हे तर फारच नुकसानीचं.

पडताळायचंय? कोंबड्यांना पाणी देणाऱ्या गळक्या निपलखालची ओली विष्ठा काडीने उकरा, पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील. कोरड्या ढिगात त्या क्वचितच सापडतात. म्हणून आधी गळती बंद करा. औषध लेबलवरच्या मात्रेतच, रासायनिक गट (म्हणजे औषधाचा प्रकार) बदलत वापरा.