पंपरूमचं ट्रेनिंग: कुणाला पाठवायचं?

आमच्या सर्व ग्राहकांना नमस्कार.

आग विझवायच्या पंपांच्या देखभालीचा आमच्याशी वार्षिक करार असताना वर ट्रेनिंग कशाला, असं बेळगावपासून निपाणीपर्यंत सगळीकडे विचारतात. करारानुसार आमचा माणूस ठरलेल्या तारखेला येऊन जातो. बाकीचे दिवस पंपरूम तुमच्या माणसाच्या ताब्यात असते, आणि आग लागली तर पंपापाशी आधी पोचणार तोच.

तेव्हा मुख्य विनंती आधीच करतो: ट्रेनिंगला भलताच माणूस बसवू नका. मॅनेजरसाहेब येतात, सोसायटीचे सेक्रेटरी येतात, ग्रुप फोटो होतो, सर्टिफिकेट केबिनमध्ये लागतं. पंपरूमची चावी ज्याच्या कमरेला, तो रात्रपाळीचा वॉचमन त्या वेळी घरी झोपलेला असतो.

मग काय होतं बघा. रात्री जॉकी पंप, म्हणजे लाइनमधला दाब टिकवून धरणारा छोटा पंप, दर पाच-सात मिनिटांनी सुरू होऊन बंद व्हायला लागतो. पहिल्या मजल्यावरून फोन येतो, "तो आवाज बंद करा हो." वॉचमन पॅनेलवरचा नॉब, म्हणजे सिलेक्टर, ऑटोवरून ऑफवर फिरवतो. जॉकी बंद, म्हणून लाइनचा दाब उतरतो. ठरलेल्या दाबाखाली गेला की विजेवरचा मेन पंप सुरू होतो, आणि तो जॉकीपेक्षा कितीतरी मोठ्यानं गरजतो. तोही ऑफ. दाब आणखी उतरला की तिसऱ्या पंपाचं डिझेल इंजिन धडधडतं. तेही ऑफ. सकाळी तिन्ही सिलेक्टर ऑफवर आणि दाबाच्या गेजचा काटा शून्याला टेकलेला. तपासणीच्या आदल्या दिवशी आम्हाला फोन, "पंप बिघडलाय, लगेच या." येऊन आम्ही काय करतो, तर तीन नॉब फिरवतो. व्हिजिट चार्ज लावावा लागतो, कारण गाडी आणि माणूस तर आलाच. पण ते बिल देताना तुमचा चेहरा आम्हाला दिसतो.

खरं तर जॉकी वारंवार सुरू होतो तेव्हा तो चुगलीच करत असतो. कुठंतरी पाणी झिरपतंय: एखाद्या हायड्रंट व्हॉल्व्हची (आगीचा पाइप जोडायच्या नळाची) सीट, नीट न मिटलेला ड्रेन, नाहीतर पाणी उलटं जाऊ न देणारा एनआरव्ही व्हॉल्व्ह मागे पाणी सोडतोय. ट्रेनिंगमध्ये आम्ही हे तुमच्याच माणसाच्या हातानं शोधून घेतो. एकेका भागाचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि गेजकडे बघत उभं राहायचं. ज्या भागाचा व्हॉल्व्ह मिटल्यावर काटा स्थिरावतो, गळती त्या भागात. जमलं की व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडून, साखळी लावून, तिन्ही सिलेक्टर ऑटोवर. हे एकदा हातानं केलेला वॉचमन रात्री घाबरत नाही, लीक लिहून ठेवतो आणि सकाळी फोन करतो.

म्हणून पाठवायची माणसं अशी: दोन्ही पाळ्यांचे वॉचमन, तुमचा वायरमन, प्लंबर. मॅनेजर आले तर आनंदच, पण त्यांच्याऐवजी नव्हे, त्यांच्यासोबत. बॅच आठ जणांचीच ठेवतो. "वीस जणांना एकदम उरका" असं कुणी म्हणालं तर आम्ही नाही म्हणतो, पंपरूममध्ये मागं उभ्या असलेल्याला गेज दिसत नाही. हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवण्यापेक्षा तुमच्याच पंपावर शिकवणं महाग पडतं हे खरं, पण प्रत्येकाचं पॅनेल वेगळं. शिकवणं मराठीत आणि कन्नडमध्ये, ज्याला जे कळेल ते.

पहिला दिवस पंपांचा. डिझेल इंजिन आठवड्यातून एकदा खरंच चालवायचं, नुसती चावी फिरवून बंद करायचं नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी दिसली की साफ करायची. पावसाळ्यात खानापूर भागात वीज किती वेळ जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा इलेक्ट्रिक पंप शोभेचा, भरवसा इंजिनावर. आणि मेन पंप सुरू होतो आपोआप, पण बंद माणसानंच करायचा, आग विझल्याची खात्री झाल्यावर.

दुसरा दिवस स्प्रिंकलरचा, म्हणजे छताखाली बसवलेल्या, आगीत आपोआप पाणी फवारणाऱ्या हेडचा. त्यातला लाल काचेचा बल्ब ६८ अंश सेल्सिअसला फुटतो, पिवळा ७९ला, हिरवा ९३ला. भट्टीजवळ लाल लावला तर आगीशिवायच पाऊस पडेल. रंगाऱ्याचा ब्रश लागलेला हेड टर्पेंटाइननं पुसून चालत नाही, बदलावाच लागतो. दिवाळीआधी रंगकाम काढणाऱ्यांनी हे वाक्य रंगाऱ्याला वाचून दाखवा. निपाणीच्या तंबाखू गोदामांत गासड्या थेट हेडपर्यंत रचलेल्या दिसतात. हेडखाली किमान दीड फूट जागा मोकळी हवी, नाहीतर पाणी पसरतच नाही.

पंपाच्या टेस्टमध्ये पाणी वाया जातं ही तक्रार दर एप्रिलमध्ये येते, बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी उतरली की जास्तच. पंपाच्या टेस्ट लाइनचं पाणी परत टाकीत सोडायची सोय असेल तर थेंबही वाया जात नाही. नसेल तर आम्ही ती करून देतो, खर्च फार नाही. उन्हाळ्यात फायर टाकीतलं पाणी बागेला आणि गाड्या धुवायला ओढलं जातं, ते मात्र थांबवा. पाणी आधी फायर टाकीत घ्या आणि तिच्या ओव्हरफ्लोवर घरगुती टाकी भरा, म्हणजे भांडणच मिटतं.

ज्यांना पंप बसवायचंच काम शिकायचं आहे, अशा आयटीआय झालेल्या मुलांसाठी वेगळी बॅच असते. आयएस १५३०१ हे पंपांच्या उभारणी-देखभालीचं मानक समोर ठेवून शिकवतो: फाउंडेशन, ग्राउटिंग (पंपाच्या बैठकीखाली मसाला भरणं), पाणी ओढणाऱ्या सक्शन पाइपला एक्सेंट्रिक रिड्यूसर (पाइप लहान करणारा तिरका जोड) सपाट बाजू वर ठेवून, आणि ग्राउट सुकल्यावर पंप आणि मोटर जोडणाऱ्या कपलिंगचं अलाइनमेंट पुन्हा. पंप कारखान्यातून जुळवून आलाय म्हणून सोडायचं नाही, ट्रकमध्ये हलतंच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मुलांना अलाइनमेंट मोजायचं डायल गेज काय असतं हे सांगावं लागत नाही, त्यामुळं ही बॅच आमची आवडती.

सर्टिफिकेट फायर क्लिअरन्सला चालेल का? क्लिअरन्स देणारं खातं कर्नाटक राज्य अग्निशामक व आणीबाणी सेवा. आमचं सर्टिफिकेट म्हणजे तुमच्या माणसाच्या प्रशिक्षणाची नोंद, तेवढीच. ज्यानं स्वतः पंप चालवून दाखवला नाही त्याला ते मिळत नाही. यावरून काही जण रागावलेत, तरी नियम तोच.

करार असलेल्या ग्राहकांना ट्रेनिंगमध्ये सवलत आहे. खानापूर-लोंढा भागातल्यांनी मृगाच्या आधीची तारीख घ्या. ट्रेनिंगच्या दिवशी टाकी भरलेली, डिझेल पुरेसं, टेस्टची वही हाताशी हवी. आणि अलार्मची घंटा वाजणार आहे हे शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.