रफनेस ०.५ म्हणजे नक्की किती?

रफनेस म्हणजे संगणकीय चित्रातल्या वस्तूचा पृष्ठभाग किती खडबडीत आहे हे सांगणारा आकडा. त्याची गोष्ट चकाकीपासून सुरू होते. जुन्या संगणकीय चित्रांतल्या वस्तू प्लास्टिकच्या वाटतात, कारण १९७५ च्या गाजलेल्या सूत्रात चकाकीचा ठिपका सहसा दिव्याच्याच रंगाचा ठेवला जाई. तांब्यावरची चकाकी मात्र तांबूस असते. १९८२ मध्ये प्रकाशशास्त्रातली जुनी कल्पना उचलून पृष्ठभाग म्हणजे असंख्य सूक्ष्म आरसे असं धरलं गेलं, आणि पडद्यावर धातू धातूसारखा दिसू लागला.

तरीही तीस वर्षं मटेरियल, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागाचं रूप, बनवणं म्हणजे अंदाजपंचे डझनभर आकडे जुळवत बसणं होतं. २००३ साली १०० खऱ्या पदार्थांची मोजमापं खुली झाली. ती समोर ठेवून २०१२ मध्ये चित्रपटांसाठी एक आटोपशीर मॉडेल मांडलं गेलं आणि गेम इंजिनांनीही ते झपाट्याने उचललं. त्यातला बहुतेक प्रत्येक स्लायडर, म्हणजे आकडा कमीजास्त करायची सरकपट्टी, ० ते १; रफनेसचाही.

गोंधळ इथेच सुरू झाला. सूक्ष्म आरसे किती वाकडेतिकडे आहेत हे सांगणारी संख्या म्हणजे अल्फा. स्लायडर थेट अल्फाला जोडला, तर डोळ्याला जाणवणारा बहुतेक फरक शून्याजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यात कोंबला जातो. म्हणून रफनेसचा वर्ग करून अल्फा काढायचा, असं ठरलं. कलाकाराच्या हाताचा विचार करून घेतलेला हा निर्णय माझ्या मते शंभर टक्के बरोबर होता. पण काही सॉफ्टवेअरनी वर्ग केला, काहींनी नाही, आणि नाव मात्र सगळीकडे ‘रफनेस’च. ०.३ रफनेसचा लाकडी टेबल एकीकडे ०.०९ अल्फाने छान पॉलिश केलेला दिसायचा, दुसरीकडे ०.३ ने मरगळलेला. त्यात काही ठिकाणी उलटा मोजलेला ‘ग्लॉसिनेस’, म्हणजे टेक्स्चरमधलं (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रातलं) काळं ते पांढरं. आणि रफनेसचं टेक्स्चर चुकून रंग म्हणून वाचलं गेलं, की रंगांसाठीचं रूपांतर त्यालाही लागून ०.५ चं थेट ०.२१ होतं, खडबडीत भिंत ओली वाटू लागते. कलाकार स्वतःच्या नजरेवर शंका घेत तासन्‌तास प्रकाशयोजना बदलत राहतो, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

२०१७ मध्ये त्रिमितीय मॉडेलांच्या एका खुल्या फाइल-स्वरूपाने ‘अल्फा म्हणजे रफनेसचा वर्ग’ असं स्पष्ट लिहून ठेवलं. २०२४ च्या सामायिक मटेरियल-प्रमाणानेही तेच धरलं. जुन्या मटेरियल-लायब्रऱ्यांत मात्र कुठला आकडा वर्गाचा आणि कुठला बिनवर्गाचा, हे अजूनही फाइल उघडून, रेंडर करून म्हणजे चित्र तयार करूनच ठरवावं लागतं.