म्हातारपणी मिशनवर: एका प्रथेची पार्श्वभूमी

मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ. त्याच्या चर्चच्या परदेशातल्या एखाद्या मिशन ऑफिसात, म्हणजे धर्मप्रचारकांच्या स्थानिक कचेरीत गेलात, तर निवृत्तीनंतर तिथे सेवेला आलेलं पांढऱ्या केसांचं एक जोडपं हमखास भेटतं. एका टेबलावर भाडेकरार, गाड्यांच्या चाव्या, व्हिसाचे अर्ज. दुसऱ्यावर टपाल आणि हिशेबाच्या वह्या, शिवाय ताप आलाय म्हणून फोन करणारी विशीतली मिशनरी मुलं. अधूनमधून दोघं त्या मुलांच्या भाड्याच्या घरांवर चक्कर टाकतात: नळ गळतोय का, भांडी घासलीत का. धर्मप्रचार म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं इथे फारसं काही नाही. दारोदार फिरणं तरुणांकडे.

सुरुवातीला मिशनवर, म्हणजे चर्चच्या कामासाठी काही काळ घर सोडून, जोडपं जाण्याची पद्धतच नव्हती. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात चर्च स्थापन झालं आणि पुढची कित्येक दशकं मिशनवर गेलेल्यांत बायकामुलं मागे ठेवून निघालेले पुरुष पुष्कळ होते. सप्टेंबर १८३९ मध्ये चर्चचे एक नेते ब्रिगम यंग मिशनसाठी इंग्लंडला जायला घराबाहेर पडले तेव्हा ते स्वतः आजारी होते आणि घरात दहा दिवसांची मुलगी होती. सोबती हिबर किंबॉल यांची बायकोही अंथरुणाला खिळलेली. तशाही स्थितीत दोघं गाडीत उभे राहिले आणि जयजयकार करत निघून गेले. चर्चमध्ये हा प्रसंग निष्ठेचा म्हणून सांगतात. मला मात्र त्यात मागे राहिलेल्या बायका आधी दिसतात.

प्रॉटेस्टंट संस्थांची रीत वेगळी होती. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे ॲडोनिराम आणि ॲन जडसन १८१२ साली लग्नानंतर दोनच आठवड्यांत आशियाच्या जहाजात चढले, तेही जन्मभरासाठी. त्याच जहाजावरची हॅरिएट न्यूएल वर्ष संपायच्या आत मॉरिशसमध्ये वारली, वयाच्या १९ व्या वर्षी. बायकोला सोबत नेण्याची किंमत ही अशी होती.

मॉर्मनांमध्ये वेगळी वाट दाखवली ती लुइसा बार्न्स प्रॅटने. नवरा ॲडिसन १८४३ मध्ये पॅसिफिक बेटांकडे गेला. चार मुली घेऊन ती त्याच्याशिवायच सॉल्ट लेकपर्यंत, मॉर्मनांच्या नव्या वसाहतीपर्यंत पोचली. पाच वर्षांनी तो परतला आणि वर्षभरात त्याला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी तीही मुलींसह तुबुआई बेटावर जाऊन राहिली आणि तिथे तिने शिकवण्याचं काम केलं. पण ती बराच काळ अपवादच ठरली. अविवाहित स्त्रियांना अधिकृतपणे पाठवायला १८९८ उजाडलं, आणि विसाव्या शतकात मिशनरी म्हणजे वीस-एकवीस वर्षांचा अविवाहित मुलगा हेच चित्र पक्कं झालं. (त्याला 'एल्डर' म्हणतात, म्हणजे अक्षरशः वडीलधारा. आजोबांच्या वयाच्या माणसालाच ते खरं शोभतं.)

मग ज्येष्ठ जोडपी आली कुठून? आयुर्मान वाढलं आणि पेन्शनवर निवृत्त झालेली धडधाकट माणसं मिळू लागली, हे झालं एक. चर्चकडचं कामही बदलत गेलं. १९९७ मध्ये लहान मंदिरं (खास धार्मिक विधींसाठीच्या चर्चच्या वास्तू) बांधायचं ठरलं आणि २००० सालच्या अखेरीस मंदिरांची संख्या शंभरावर गेली. त्यातली कितीतरी अशा देशांत, जिथे अनुभवी सेवक पुरेसे नव्हते. वंशावळींच्या जुन्या दप्तरांचे फोटो काढणं, मदतकार्यावर देखरेख करणं, ही कामंही प्रौढांनाच सोपवण्याजोगी. तरी लोक सहज निघत नव्हते. २००१ मध्ये चर्चचे एक वरिष्ठ नेते रॉबर्ट हेल्स यांनी चर्चच्या अधिवेशनात अडचणी थेट नाव घेऊन मांडल्या: भीती, घरच्यांची काळजी, योग्य काम मिळेल का ही शंका, आणि पैसा.

यातला पैसा सर्वांत अवघड, कारण ही जोडपी स्वखर्चाने जातात. महागड्या शहरातलं घरभाडं पेन्शन गिळून टाकतं. म्हणून सप्टेंबर २०११ पासून जोडप्याने भरायच्या घरखर्चाला महिना १,४०० डॉलरची मर्यादा घातली गेली. मुदतही ६, १२, १८ किंवा २३ महिने अशी निवडता येऊ लागली. माझ्या मते भाषणांपेक्षा हा बदल जास्त उपयोगी. पुढच्याच वर्षी तरुणांची किमान वयोमर्यादा खाली आली (मुलांसाठी १८, मुलींसाठी १९) आणि मिशनऱ्यांची संख्या सुमारे ५८,५०० वरून ८०,००० च्या पुढे गेली. तेवढी घरं भाड्याने घ्यायची, तेवढी बिलं भरायची. ऑफिसातल्या जोडप्याचं टेबल भरलं ते असं.

त्यांचे नियम तरुणांइतके कडक नाहीत. वेळापत्रक सैल असतं आणि नातवंडांशी हवं तेव्हा बोलता येतं. तरुणांना मात्र २०१९ पर्यंत घरी फोन करायची मुभा प्रामुख्याने नाताळ आणि मातृदिनाला असे. एरवी कोणाशी तरी घरच्यासारखं बोलायचं तर हे आजी-आजोबा जवळ. फेब्रुवारी २०१९ पासून मुलं दर आठवड्याला आईशी बोलू शकतात. संडास तुंबला की फोन मात्र अजून ऑफिसातच येतो.