तक्रार

तक्रार (स्त्रीलिंगी, अनेकवचन तक्रारी) : आपल्याला झालेला त्रास, गैरसोय किंवा अन्याय दुसऱ्या कोणाच्या तरी कानावर घालणे आणि त्याने त्यावर काही करावे अशी अपेक्षा धरणे. ही अपेक्षा नसेल तर ती नुसती कुरकुर. रोज तेच तेच होऊ लागले की रडगाणे, आणि चारचौघांत मोठ्याने केली की बोंब. मराठीत या कृतीला शब्द पुष्कळ आहेत. त्यांतला कोणता वापरायचा, हे त्रास किती झाला यापेक्षा समोर कोण बसले आहे यावर ठरते. देवापुढे गाऱ्हाणे घालतात, पोलिसांत फिर्याद देतात, कार्यालयात तक्रार करतात आणि वर्गात बाईंना ‘नाव सांगतात’.

व्युत्पत्ती

शब्द अरबी असून फारसीमार्गे आला. अरबीत ‘तक्रार’ म्हणजे पुनरावृत्ती, एकच गोष्ट फिरून फिरून करणे किंवा बोलणे. दोन माणसे तेच ते पुन्हा बोलू लागली की वाद होतो. म्हणून हिंदी-उर्दूत ‘तकरार’ म्हणजे बाचाबाची. गुजरातीतही ‘तकरार’ हा तंटाच, आणि कन्नडमध्ये ‘तकरारु’ म्हणजे हरकत किंवा वाद. मराठीने मात्र शब्दाचा रोख बदलला. भांडणात दोन बाजू असतात. मराठी तक्रारीत एकच बाजू बोलते आणि तिसऱ्याकडे पाहून बोलते. त्यामुळे हिंदी गाण्यातली प्रेमिकांची ‘तकरार’ मराठी कानाला थोडी चमत्कारिक लागते. आता हे दोघे अर्ज कोणाकडे करणार, असे वाटते.

मूळचा तंट्याचा अर्थ मराठीतून पुरता गेलेला नाही. तो दस्तऐवजांत आणि महसुली दप्तरात टिकून आहे. कोणतेही जुन्या वळणाचे खरेदीखत उघडावे. पैसे घेतल्याच्या मजकुराखाली ‘रक्कम भरून पावली, त्याबाबत माझी काही एक तक्रार नाही’ असे असते. पुढे ‘माझी अगर माझ्या वारसांची हरकत, तक्रार चालणार नाही’ असेही येते. येथे विकणारा दुःखी आहे की काय, असा प्रश्नच नसतो. पुढे वाद काढणार नाही, एवढेच तो लिहून देतो.

तलाठ्याच्या दप्तरात याचा पुरावा आणखी स्पष्ट आहे. जमिनीच्या हक्कात बदल झाला की गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस जाते. कोणी हरकत घेतली की ती नोंद ‘तक्रारी’ होते आणि गाव नमुना ६-अ मध्ये चढते. या वहीचे छापील नाव ‘विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही’. गावात तिला तक्रार नोंदवही म्हणतात. ‘नोंद तक्रारीत गेली’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा भावकीने हरकत घेतली आहे आणि आता मंडळ अधिकाऱ्यापुढे तारखा पडणार, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते.

मराठेशाहीच्या न्यायविषयक कागदांत वारंवार भेटणारी ‘तकरीर’ हा वेगळा शब्द आहे. वादी-प्रतिवादींनी (त्या काळच्या भाषेत अग्रवादी आणि पश्चिमवादी) आपापले म्हणणे लिहून दिले की ती तकरीर. दोन्ही शब्द अरबीच, पण धातू निरनिराळे. उच्चार जवळचे असल्याने वाचणाऱ्याची गफलत होते. त्याच कागदांत पक्षकार ‘राजीनामा’ देतात, तेव्हा ते पद सोडत नसतात. होईल तो निवाडा राजीखुशीने मान्य करू, असे लिहून देतात.

व्याकरणातली एक अडचण

‘त्याची तक्रार’ म्हणजे त्याने केलेली की त्याच्याविषयी केलेली? मराठीत दोन्ही. ‘शाळेतून तुझी तक्रार आली आहे’ यात ‘तू’ आरोपी आहेस, आणि ‘तुझी तक्रार काय आहे?’ यात तूच फिर्यादी. बोलताना प्रसंगावरून उमगते. लेखी कामात मात्र घोटाळा टाळण्यासाठी ‘विरुद्ध’, ‘बद्दल’, ‘कडून’ असे खुंटे ठोकावे लागतात. तक्रार केली जाते, मांडली जाते, नोंदवली जाते, दाखल होते, मागे घेतली जाते, निकाली निघते. जुन्या कचेरीच्या भाषेत तक्रारअर्ज ‘गुदरला’ जाई. प्रत्यय लागून तक्रारदार झाला, तसाच तक्रारखोरही. पहिल्याला कायद्यात स्थान आहे, दुसऱ्याला सोसायटीच्या वार्षिक सभेत. संस्कृत ‘विना’ आणि अरबी ‘तक्रार’ यांचा ‘विनातक्रार’ हा जोडशब्द इतका रुळला आहे की त्याचा मिश्र जन्म कोणाच्या लक्षात येत नाही.

शेजारचे शब्द

गाऱ्हाणे हा घरचा शब्द. संस्कृत ‘गर्हण’ (निंदा, दोष देणे) पासून तो आला. गौळणींत गोपी यशोदेकडे कृष्णाची गाऱ्हाणी नेतात. लोणी गेले, घागर फुटली, वाट अडवली. न्याय व्हावा अशी त्यांची फारशी इच्छा नसते आणि यशोदेलाही ते ठाऊक असते. गाऱ्हाण्यात ही जवळीक गृहीत असते. ज्याच्यापुढे ते मांडायचे तो वरचा असला तरी आपला असतो.

कोकणात तर या शब्दाने वेगळीच उंची गाठली. सिंधुदुर्गात आणि गोव्यात गाऱ्हाणे ‘घालतात’. देवळात, शिमग्यात, जत्रेत, पेरणीच्या वेळी, नव्या घरात शिरताना नारळ ठेवून गावातला मानकरी देवापुढे उभा राहतो आणि ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक घालतो. मग एकेक मागणे सुटू लागते. लेकरांची रखवाली कर, आडवेतिडवे काही असेल ते दूर कर, चुकले-माकले पदरात घे. प्रत्येक मागण्याच्या शेवटी जमलेली मंडळी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बोलणारा एक, पण म्हणणे सगळ्या गावाचे. यात दोष कोणालाच दिलेला नसतो. उलट दोष आपल्याच पदरी घेतलेला असतो. मूळ अर्थ निंदेचा असलेला शब्द प्रार्थनेपर्यंत पोहोचला, हे शब्दाच्या प्रवासातले सर्वांत लांबचे अंतर म्हणावे लागेल. देवाचे उत्तर हवे असेल तर त्यानंतर कौल लावतात, आणि कौल हा पुन्हा अरबी शब्द.

फिर्याद फारसी. तिचा मूळ अर्थ मदतीसाठी फोडलेला हंबरडा. गुजरातीत साध्या तक्रारीलाही ‘फरियाद’ चालते, मराठीत ती फौजदारीपुरती आक्रसली. दाद हाही फारसी शब्द, अर्थ न्याय. दाद मागतात ती कोर्टात. दाद देतात ती गवयाला. एखादा मुजोर माणूस दाद ‘लागू देत नाही’. ‘राजाने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागायची’ ही म्हण तक्रारीचे पहिलेच गृहीतक मोडते, कारण ज्याच्याकडे जायचे तोच मारणारा आहे.

कागाळी, चहाडी आणि चुगली या पाठीमागे करायच्या गोष्टी. सांगितलेली गोष्ट खरी असली तरी सांगणारा हलका ठरतो. गोव्याच्या कोंकणीत मात्र ‘कागाळ’ ही सरळ, प्रतिष्ठित तक्रार असते. पोलिसांत देतात ती कागाळच. मराठी वाचकाने ती बातमी वाचताना चेहऱ्यावर हसू आणू नये. शाळकरी वयात यांची जागा ‘नाव सांगीन हं बाईंना’ ही धमकी घेते. त्या वयात गुन्ह्याचा तपशील लागत नाही, नाव पुरते.

कायद्यातील अर्थ

मराठी वर्तमानपत्रांत ‘अमुक यांनी दिलेल्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल’ हे वाक्य रोज असते. काटेकोर पाहिले तर पोलिसांना देतात ती ‘खबर’, म्हणूनच एफआयआरला प्रथम खबरी अहवाल म्हणतात. कायद्याच्या व्याख्येतली फिर्याद दंडाधिकाऱ्यापुढे, तोंडी किंवा लेखी, कारवाईच्या हेतूने केलेली असते आणि पोलिसांचा अहवाल तिच्यात मोडत नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी ही व्याख्या तशीच राहिली. वकील मंडळी गोंधळ नको म्हणून दंडाधिकाऱ्यापुढच्या या फिर्यादीला ‘खाजगी फिर्याद’ म्हणतात. चेक न वटल्याचा खटला पोलीस ठाण्यातून सुरू होत नाही, तो अशा लेखी फिर्यादीवरच चालतो. पोलीस ठाण्यातही ‘तक्रार दिली’ आणि ‘गुन्हा दाखल झाला’ यांत अंतर असते. अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही अशी बाब असेल तर तिच्या नुसत्या नोंदीची ‘एन.सी.’ हातात पडते आणि माणूस घरी येतो.

ग्राहक कायद्याने ‘तक्रार’ या शब्दाला खरा दर्जा दिला. १९८६ च्या आणि आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली चालणाऱ्या प्रकरणाचे नावच तक्रार. ती लेखी असावी लागते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. वस्तू वा सेवेसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रार करणारा तक्रारदार. पण ज्याच्याविरुद्ध करायची त्याला काय म्हणावे, यावर मराठीत अजून एकमत नाही. निकालपत्रांत सामनेवाला, विरुद्ध पक्ष, गैरअर्जदार असे तिन्ही आढळतात. सामनेवाला सर्वांत बरा वाटतो. निदान त्यात माणूस समोर उभा दिसतो.

महाराष्ट्र लोकायुक्त व उप-लोकायुक्त अधिनियम, १९७१ ने तक्रारीचे दोन भाग केले. अधिकाऱ्याच्या ढिसाळ कारभारामुळे स्वतःला सोसावा लागलेला अन्याय किंवा त्रास म्हणजे गाऱ्हाणे. अधिकाराचा गैरवापर, भ्रष्टाचार यांविषयीचा आरोप म्हणजे अभिकथन. गोपींचा शब्द असा राजपत्रात गेला. उलट घडलेली गोष्टही आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातली ‘अंतर्गत तक्रार समिती’ २०१६ च्या दुरुस्तीने नुसती ‘अंतर्गत समिती’ झाली. बहुतेक कार्यालयांच्या फलकावर जुनेच नाव आहे आणि तेच लोकांना कळते.

तक्रारअर्ज

कार्यालयीन तक्रारीचे रूप ठरलेले आहे. ‘प्रति’, खाली ‘विषय’, मग ‘वरील विषयास अनुसरून’ अशी सुरुवात. मजकुरात कर्ता सहसा गायब असतो. पाणी ‘येत नाही’, दिवे ‘बंद आहेत’, त्रास ‘होत आहे’. शेवट ‘तरी माझ्या तक्रारीची दखल घेऊन योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती’. रागाने सुरू झालेला कागद विनंतीत संपतो. जाणता माणूस दोन प्रती नेतो आणि दुसरीवर पोच घेतो. आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का पडेपर्यंत टेबल सोडत नाही. मग महिनाभराने स्मरणपत्र क्रमांक १, त्यानंतर क्रमांक २. अरबीतली पुनरावृत्ती येथे पुन्हा भेटते.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी भरणारा लोकशाही दिन आणि २०१५ साली सुरू झालेले ‘आपले सरकार’ संकेतस्थळ ही या अर्जाची नवी ठिकाणे. संकेतस्थळावर शिक्क्याऐवजी टोकन क्रमांक मिळतो.

शरीराच्या तक्रारी

दुखण्याखुपण्यालाही तक्रार म्हणतात : पोटाच्या तक्रारी, सांध्यांची जुनी तक्रार. येथे तक्रार करणारा अवयव आणि ऐकणारा त्याचा मालक. दवाखान्याच्या केसपेपरवर रोग्याने स्वतः सांगितलेला त्रास ‘मुख्य तक्रार’ म्हणून वर येतो, तपासणीत सापडलेले खाली. पोटाच्या तक्रारींवर आयुर्वेदात तक्रारिष्ट देतात. पण ते तक्र आणि अरिष्ट, म्हणजे ताकापासून केलेले औषध, आणि त्याचा या नोंदीशी नावापलीकडे संबंध नाही.