नेटवर्क वर्णन भाषा (एनडीएल)

नेटवर्कमधील उपकरणे, त्यांचे पोर्ट व त्यांना जोडणारे दुवे यांचे यंत्राला वाचता येईल असे वर्णन करण्यासाठी ॲम्स्टरडॅम विद्यापीठात साधारणतः २००५-०६ च्या सुमारास तयार झालेली आरडीएफ-आधारित (आरडीएफ : माहिती आलेखरूपात मांडण्याचे वेब-मानक) ऑन्टॉलॉजी, म्हणजे संकल्पना व त्यांचे संबंध यांचा औपचारिक आराखडा. सॉफ्टवेअर-परिभाषित नेटवर्कच्या (एसडीएन; यात वाहतुकीचे निर्णय ‘नियंत्रक’ हे सॉफ्टवेअर घेते) व्यवस्थापनात सिमँटिक वेबचे, म्हणजे माहितीचा अर्थ यंत्राला कळेल अशा मांडणीचे, तंत्र ज्या वाटांनी आले, त्यांपैकी ही एक प्रमुख वाट.

या तंत्राचा उगम कोठे मानायचा, हे व्याख्येवर ठरते. डेव्हिड क्लार्क व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नेटवर्कसाठी स्वतंत्र ‘ज्ञानस्तरा’ची, म्हणजे नेटवर्कने स्वतःविषयीचे ज्ञान बाळगण्याची, कल्पना मांडली, मात्र तिच्यात आरडीएफचा आग्रह नव्हता. त्याच सुमारास माद्रिदमधील संशोधक एसएनएमपीसारख्या (उपकरणांवर देखरेख ठेवण्याचा प्रोटोकॉल) व्यवस्थापन-प्रारूपांचा ऑन्टॉलॉजीद्वारे मेळ घालत होते. नेटवर्कची जोडणी हाच आरडीएफ आलेख मानण्याचे श्रेय मात्र ॲम्स्टरडॅमच्या गटाकडे जाते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एसडीएनमधील नियंत्रक व उपकरणे यांच्यातील प्रोटोकॉल असलेल्या ओपनफ्लोवरील प्रसिद्ध लेख २००८ चा. म्हणजे एनडीएल त्याच्याही आधीची.

मूळ आराखडा मोजकाच आहे : स्थान, उपकरण, इंटरफेस व दुवा. प्रत्येक संस्था आपल्या नेटवर्कची फाइल स्वतःच प्रसिद्ध करते व ‘सी-ऑल्सो’ या गुणधर्माने शेजाऱ्याच्या फाइलकडे बोट दाखवते. मध्यवर्ती नोंदवही लागत नाही. पुढे बहुस्तरीय जोडणीसाठी आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) जी.८०५ या स्तरित नेटवर्कच्या प्रारूपाच्या आधारे विस्तार झाला. त्याची गरज अशी : एका टोकाचे उपकरण गिगाबिट इथरनेट एसटीएस-२४सी मध्ये भरते व दुसरे व्हीसी-४-७व्ही मध्ये (ही प्रकाशतंतू-जाळ्यांतील दोन वेगळी वाहक-स्वरूपे). नकाशावर मार्ग अखंड दिसतो, प्रत्यक्षात डेटा पोहोचत नाही. म्हणून मार्ग शोधताना कोणता स्तर कशात भरला आहे, हेही वर्णनात असावे लागते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील रेन्सी ही संगणन-संशोधन संस्था व ड्यूक विद्यापीठ यांनी एनडीएल-ओडब्ल्यूएल ही आवृत्ती (ओडब्ल्यूएल : ऑन्टॉलॉजी लिहिण्याची वेब-भाषा) एक्सोजेनी या नेटवर्क-प्रयोगमंचासाठी वापरली. त्यात संशोधकाची मागणी आणि उपलब्ध साधने ही दोन्ही आलेखरूपात असत. येथे एक अडचण मूलभूत आहे. ओडब्ल्यूएलमध्ये न नोंदलेली गोष्ट खोटी ठरत नाही, केवळ अज्ञात राहते. ‘या पोर्टला दुवा नाही, म्हणजे तो मोकळा आहे’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दोन नावांची साधने वेगळी आहेत हेसुद्धा स्पष्ट सांगावे लागते. त्यामुळे असे निर्णय बहुधा स्पार्क्ल या आरडीएफच्या प्रश्नभाषेतील प्रश्नांवर, पुढे शॅकल या आरडीएफ माहिती तपासण्याच्या नियमभाषेवर (२०१७) सोपवणे सोयीचे ठरते. अनुमानाला वेळही लागतो, म्हणून ते नियंत्रकाच्या पॅकेट-मार्गावर न ठेवता वरच्या नियोजन-स्तरावर ठेवणे इष्ट.

ओपन ग्रिड फोरम या मानक-संस्थेने २०१३ मध्ये एनएमएल हे नेटवर्क-वर्णनाचे प्रमाण प्रारूप प्रसिद्ध केले. त्याचे एक्सएमएल व ओडब्ल्यूएल असे दोन्ही आविष्कार आहेत. ईएसनेट या अमेरिकी विज्ञान-नेटवर्कच्या सेन्स प्रकल्पातील एमआरएमएल हा त्याचाच विस्तार. व्यापारी उपकरणांत मात्र नेटकॉन्फ या उपकरण-संरचनेच्या प्रोटोकॉलसोबतची यांग ही प्रारूप-भाषा (२०१०) अधिक रुजली.